तोंडात काही देऊ नये

मनू, साडेअकराचा अलार्म अजून वाजतो. आज दुकानात वाजला तेव्हा माझ्या हातात एका बाईंच्या मिक्सरचं भांडं होतं. ते खाली ठेवलं, हात पुसले आणि तुझ्या मम्मीला फोन लावला. रोज लावायचो ना, "पाजलं का?" म्हणून विचारायला. दोन रिंग गेल्या आणि मग ध्यानात आलं. तोवर तिनं उचललाही होता. थोड्या वेळानं तिनंच ठेवला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, ब्लेड आजच लावून देता ना?" मी लावून दिली.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. तुझ्या जेवणाचे दिवसाचे सहा अलार्म आहेत आणि त्यातला एकही मी बंद केलेला नाही. सकाळचे आणि संध्याकाळचे माझे, दुपारचे मम्मीचे. नागपुरात सदरच्या गल्लीत मिक्सर आणि पंखे दुरुस्त करणारा माणूस मी. बंद पडलेली वस्तू उघडायची, बिघडलेलं काढायचं, चांगलं बसवायचं, एवढीच माझी अक्कल. तुझ्या बाबतीत ती अक्कल जिथं चालली तिथं बरी चालली. जिथं चालली नाही, ते तुला आज सांगायचं आहे. तू होतीस तेव्हा सांगितलं नाही, कारण तू होतीस तेव्हा मीच बरोबर होतो.

तू फार लवकर जन्मलीस. मान धरायला येईना, घोट गिळायला येईना. दहा महिन्यांची झालीस तरी वाटीभर दूध पाजायला मम्मीला दोन तास लागायचे. त्यातलं अर्धं तुझ्या गळ्याशी गुंडाळलेल्या फडक्यावर सांडायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं की घट्ट काही देऊ नका, हिचं गिळलेलं श्वासाच्या वाटेनं जातं. पण तुझं उष्टावण राहिलं होतं. गावाकडे, नरखेडच्या बाजूला, आजी रोज फोनवर म्हणायची, "लेकराचं तोंड उष्टं नाही केलं रे अजून." मलाही वाटलं, डॉक्टर सांगतातच. साऱ्या जगाच्या लेकरांचं उष्टावण होतं, माझ्या लेकीचं का नको? तुला गावी नेलं, नवा फ्रॉक घातला, पाटावर बसून मांडीवर घेतलं आणि आजीनं केलेली तांदळाची खीर मी माझ्या बोटानं तुझ्या तोंडात घातली. मम्मी म्हणत होती, "अहो, नुसती ओठाले लावा." मी म्हणालो, "ओठाले लावून काय उष्टावण होते?" आणि बोट आत घातलं.

तुला ठसका लागला. मग आवाज बंद झाला आणि तू निळी पडलीस. शेजारच्यांच्या गाडीतून तुला नागपूरला आणताना मी सारखा तुझ्या पाठीवर थापा मारत होतो आणि आजी मागच्या सीटवर बसून स्वतःच्या गालात मारून घेत होती. मारायला हवं होतं ते मला. दवाखान्यात सोळा दिवस काढले आणि घरी आलीस तेव्हा तुझ्या नाकात नळी होती.

त्या दिवसापासून मी बदललो. दुधानं तोंड तुझं पोळलं आणि ताक मी फुंकायला लागलो.

नाकातली नळी तुला कधीच आवडली नाही. दर काही दिवसांनी ती बदलायची. मी तुझे हात धरायचो, मम्मी डोकं धरायची आणि नर्सबाई नळी सरकवायच्या. गालावर चिकटपट्टीचे लाल चट्टे कायमचे झाले होते. एवढं करून तू एका झटक्यात नळी ओढून काढायचीस आणि आमच्याकडे बघायचीस, जणू म्हणतेस, आता काय करता? तुझा डावा हात तेवढा तुझं ऐकायचा आणि तो वापरायचा कुठे हे तुला बरोबर कळलं होतं. शेवटी सर्जन मॅडम म्हणाल्या, "नाकातली नळी ही तात्पुरती सोय आहे. पोटातून नळी बसवू. ऑपरेशन लहान आहे, पण हिच्या छातीकडे बघता भूल देणं लहान नाही. घरी जाऊन विचार करा."

घरी विचार झाला नाही, भांडण झालं. आजी गावाहून आली आणि दारातूनच सुरू झाली. "काहून रे, लेकराच्या पोटाले भोक पाडून राहिला? देवानं तोंड कशाले देलं मग?"

"तोंडानं जीव जाऊन राहिला तिचा, माय."

"तोंडानं नाही, तुह्या बोटानं जात होता." हे आजी बोलून गेली आणि मग तिनंच पदर तोंडाला लावला.

मग मम्मी पुढे आली. ती म्हणाली, "नाकातली नळी काढा, मी पाजीन ना पहिल्यासारखी वाटीनं? दोन तास लागते त लागू द्या. माझे तास आहेत. पोरगी काय तुमच्या दुकानातली मोटर आहे, का उघडली अन् पाइप बसवला?"

मी म्हणालो, "पाइपाचंच समजते मले. पाइप चोक झाला त दुसरा टाकावा लागते." असं बोलायला नको होतं. पण बोललो आणि दुसऱ्या दिवशी जाऊन कागदावर सही करून आलो. तिची सही मी कागद घरी आणल्यावर झाली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तुझ्या पलंगाच्या दांडीला नर्सबाईंनी एक पाटी लावली. तांबड्या अक्षरात लिहिलं होतं, 'तोंडात काही देऊ नये.' भुलीच्या आधी सगळ्यांनाच लावतात ती. तुला आत नेलं आणि तुझा एक मोजा मम्मीच्या हातात राहिला. आम्ही दोघं बाकावर बसलो होतो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. तास झाला, दीड झाला. ती मोज्याकडे बघत म्हणाली, "आता माझं काय काम राहिलं?" खरं सांगतो, मला तो प्रश्न कळलाच नाही. मला वाटलं, दिवसाचे आठ तास वाचतील, बाईला आराम मिळेल, आणि हिचं काय चाललं आहे.

तू बाहेर आलीस. रडत होतीस पण घशात आवाज नव्हता. पोटावर पांढरी पट्टी होती आणि तिच्यातून बोटाएवढी नळी वर आली होती. दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला सिरिंज धरायला दिली. दांडा काढून टाकलेली मोठी सिरिंज नळीला जोडायची, वर धरायची आणि वरून पाणी ओतायचं. पाणी आपोआप उतरतं. मी धरली आणि पाण्याची पातळी हळूहळू खाली जाताना बघितली. ठसका नाही, निळं पडणं नाही, काही नाही. तू माझ्या शर्टाच्या बटनाशी खेळत होतीस. आयुष्यभर इतक्या मोटरी फिरवून दिल्या, पण एवढा आनंद कशानंच झाला नव्हता. निघताना नर्सबाईंना विचारून ती पाटीही मी घरी आणली.

त्यानंतरची चार वर्षं तुला त्या नळीनं दिली, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. तुझं वजन वाढलं. गालावरचे चट्टे गेले आणि खाली मम्मीसारखे गाल निघाले. तुझ्यासाठी मी एक मिक्सर जोडला, एका कंपनीची मोटर आणि दुसरीचं भांडं, ब्लेड घासून घासून असं केलं की डाळभाताचं पाणी व्हायचं. मुगाची डाळ, भात, गाजर, चमचाभर तूप. तीनदा फिरवायचं, मलमलच्या फडक्यातून गाळायचं. मग तुला उशांना टेकवून बसवायचं, सिरिंज वर धरायची, शेवटी साधं पाणी घालून नळी धुवायची, टोपण लावायचं. आजी हे सगळं शिकली. तिचा हात दुखायचा म्हणून ती सिरिंज धरून भिंतीला टेकायची आणि तुला गावातल्या सगळ्यांच्या चहाड्या सांगायची. तू नेमकी वाईट बातमीला हसायचीस. एकदा तू पाय झाडून नळी उडवलीस, सगळी खिचडी माझ्या नव्या शर्टावर आली आणि तू इतकी हसलीस की तुला उचकी लागली. तेव्हा मला देवाचे आभार मानावेसे वाटले होते. मानले की नाही ते आठवत नाही.

पण ती पाटी मी तुझ्या पलंगाला लावली ती लावलीच. ऑपरेशनच्या दिवसापुरती होती, मी चार वर्षं ठेवली.

तुला वास कळायचा. फोडणी पडली की तू मान वळवायचीस आणि आ करायचीस. तो आ मला बघवायचा नाही. म्हणून मी फर्मान काढलं, स्वयंपाक होताना दार लावून घ्यायचं. आम्ही जेवायचो तेही दाराआड, पाळीपाळीनं, उभ्यानं. आपल्या घरात चार वर्षं कुणी पाटावर बसून जेवलं नाही. नात्यातल्या एका लग्नात एक म्हातारी गुलाबजामाचा पाक बोटावर घेऊन तुझ्याकडे आली, तर मी तिच्यावर असा ओरडलो की वाजंत्री थांबली. लोक म्हणाले, पोरीच्या दुखण्यानं माणूस येडा झाला. झालो होतो.

मग गिळायला शिकवणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी तुला महिनाभर तपासलं आणि म्हणाल्या, "जेवण नळीतूनच. पण सरळ बसवून जिभेच्या टोकावर ओल्या बोटानं चव देता येईल. लाळेहून जास्त नाही. धोका अगदी नाही असं म्हणणार नाही. पण चव घेणं हा तिचाही हक्क आहे." मी विचारलं, "जबाबदारी कोण घेईल?" त्या म्हणाल्या, "आपण सगळे मिळून." मी फाइल उचलली आणि तुला घेऊन घरी आलो.

आपलं भांडण तिथून सुरू झालं, तुझं आणि माझं. गावाकडून संत्री यायची. संध्याकाळी मी तुझ्याजवळ बसून एक सोलायचो आणि साल तुझ्या नाकापाशी दुमडायचो. वासाचे तुषार उडाले की तू डोळे मिटायचीस. मग जीभ बाहेर काढायचीस. मी म्हणायचो, "उद्या." तू डाव्या हातानं माझं मनगट ओढायचीस, तोंडाकडे. मी म्हणायचो, "उद्या देतो ना वं, आंबिया बहार येऊ दे." आंबिया आला की म्हणायचो, मृगाची फळं चांगली असतात, मृग येऊ दे. संत्र्याला वर्षातून दोनदा बहार येतो, त्यामुळे खोटं बोलायला मला दोनदा मुदत मिळायची. तू रागावायचीस, मान फिरवून भिंतीकडे बघत बसायचीस, आणि मी ते संत्रं दाराआड जाऊन खायचो. दोन वर्षं हे केलं मी. तुझ्यासमोर सोललं आणि तुझ्यामागे खाल्लं.

या थंडीत तुझी छाती तीनदा भरली. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले की आता मशीनवर ठेवता येईल, पण मशीनवरून परत येईल असं वाटत नाही. मम्मी म्हणाली, "घरी नेऊ." ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन तुला घरी आणलं. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तुझे श्वास लांब पडू लागले. आजीनं तांब्यात गंगेचं पाणी आणलं, त्यात तुळशीचं पान होतं. ते पान भिजवून तिनं तुझ्या ओठांपाशी नेलं आणि मी तिचं मनगट धरलं.

"तोंडात नाही!"

आजी रडत होती. ती म्हणाली, "आता काय होते बापा? आता कायचा ठसका लागते तिले? तहानलं जाईन ना लेकरू."

मला तिचं म्हणणं ऐकू आलं, समजलंही. पण हात सुटला नाही. मी उठलो, सिरिंज आणली, नळीचं टोपण काढलं. तुळशीचं पान बाजूला काढून ठेवलं, कारण पान अडकलं तर नळी चोक होते. गंगेचं पाणी मी नळीतून घातलं. सिरिंज वर धरली आणि पातळीकडे बघत राहिलो. ती खाली जात होती. अर्ध्यावर आली आणि थांबली. मी सिरिंज आणखी वर धरली. मम्मीनं माझ्या हातावर हात ठेवला आणि खाली घेतला.

आपल्याकडे एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत. तुला मातीत ठेवलं, नळीसकट. आजी म्हणत होती काढा, मोकळं जाऊ द्या. मम्मी म्हणाली राहू द्या. मला तेव्हा दुसरंच काही सुचत होतं. सगळं जग ज्या पाण्याचे दोन थेंब जिभेवर घेऊन जातं, ते शेवटचं पाणीसुद्धा मी तुझ्या जिभेला लागू दिलं नाही. माती टाकताना मी हेच म्हणत होतो, मनातल्या मनात, आणि ते तुला ऐकू जाऊ नये असंही वाटत होतं.

परवा मम्मी तुझे कपडे धुवायला बसली होती. तुझ्या लाळेऱ्यांवर, गळ्यापाशी, पिवळे डाग होते. डाळीचे म्हणावे तर डाळ तुझ्या गळ्याशी कधी आली? मी विचारलं, "हे कायचे डाग?"

ती मागे न वळता म्हणाली, "संत्र्याचे."

मग तिनं नळ बंद केला आणि सांगितलं. वर्षभर. मी दुकानात गेलो की. रोज नाही, तू टवटवीत असलीस त्या दिवशी. सरळ बसवून, बोटाच्या टोकाला लावून, जिभेच्या टोकावर. "त्या मॅडमकडून शिकून आली होती मी. एकटी जात होती पोरीले घेऊन. तुम्हाले सांगतलं असतं त तुम्ही माझा हात तोडला असता." आणि थोडं थांबून म्हणाली, "तुम्हाले विचारलं होतं ना बाकावर, आता माझं काय काम राहिलं म्हणून. हे राहिलं होतं."

मनू, आधी माझ्या डोक्यात रक्त चढलं. ते लाळेरं मी मुठीत धरलं होतं. आणि मग माझ्या जिभेवर एक प्रश्न आला. तुला माहीत आहे कोणता. तुझी छाती तीनदा भरली, ती कशानं? मी तिच्याकडे बघितलं तर तोच प्रश्न तिच्या तोंडावर होता. माझ्या आधीपासून होता. अठरा दिवस ती तो घेऊन घरात फिरते आहे, लाळेरी धुते आहे.

मी विचारला नाही. डॉक्टरांनी शेवटी एक सांगितलं होतं, की अशा लेकरांची स्वतःची लाळसुद्धा छातीत जाते, त्याला कुणी काही करू शकत नाही. ते मी तिला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "हो." तिचा विश्वास बसला की नाही, मला माहीत नाही. माझा बसला की नाही, तेही माहीत नाही. आम्ही तो प्रश्न एकमेकांना कधीही विचारणार नाही, आणि तो घरातून कधी जाणारही नाही. तुझ्या मम्मीनं उभ्या आयुष्यात माझ्यापासून एवढी एकच गोष्ट लपवली. तिनं ती लपवली म्हणून मी आज जेवू शकतो. तू तशीच गेली असतीस तर मला घास उतरला नसता.

मी एवढंच विचारलं, "कशी करे खाताना?"

ती म्हणाली, "पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. मग डोळे मिटले. मग जीभ काढली, अजून दे म्हणून. अन् मग हसे."

"केव्हा देत होती?"

"साडेअकराले. पाजायच्या आधी."

माझ्या हातून तुझ्या तोंडात आयुष्यात एकच घास गेला, तो खिरीचा. ते मी विसरणार नाही आणि तूही माफ करू नकोस. पण साडेअकराला मी फोन करायचो, "पाजलं का?" मम्मी म्हणायची, "पाजून राहिली." मागून तुझं हसणं ऐकू यायचं. मी विचारायचो, "काहून हसून राहिली वं आपली पोट्टी?" ती म्हणायची, "असंच." मी फोन ठेवायचो, पुढचा मिक्सर उघडायचो आणि दिवसभर मला बरं वाटायचं, की बापाचा आवाज ऐकला आणि पोरगी हसली.

संत्र्यानं हसवलं होतं तुला. चालते, मनू. ज्यानं हसवलं त्यानं हसवलं.